भागाबाईचे हात

बऱ्हाणपुरात इतवाऱ्याच्या बाजारात भांड्यांच्या दुकानांची ओळ संपते, तिथे ‘आत्माराम फोटो लॅमिनेशन’ अशी पाटी आहे. आत्माराम जाऊन सहा वर्षं झाली, पण पाटी बदलावी असं कुणाच्या मनात आलं नाही. पुढच्या खोलीत मुलगा संतोष कॉम्प्युटरवर बसतो. मागच्या खोलीत त्याची आई, सिंधूबाई, फोटो चिकटवायच्या फळ्यांच्या कडा घासते. पूर्वी फळी प्लायवूडची असायची, आता एमडीएफची येते. पूर्वी फोटो इस्त्रीनं चिकटवायचे, आता रोलरचं मशीन आहे. कडा मात्र अजून कानसेनं आणि पॉलिश पेपरनं हातानंच घासाव्या लागतात, आणि त्यांना काळा रंग द्यायला संतोषचा हात पुरेसा स्थिर नाही, असं सिंधूबाईंचं ठाम मत आहे.

दिवाळी होऊन पंधरा-वीस दिवस झाले होते. संतोष जेवायला घरी गेला होता, म्हणून सिंधूबाई पुढे येऊन बसल्या होत्या. एक पंचविशीतला पोरगा मोटरसायकल लावून आत आला. काखेत चादरीत गुंडाळलेली फळी होती.

“काकू, मी रितेश. असीरगडहून आलो. हे बोर्ड तुमच्याच दुकानाचं आहे ना? मागे शिक्का आहे बघा.”

त्यानं चादर सोडली आणि फळी काउंटरवर ठेवली. सिंधूबाईंनी चष्मा सारखा केला, आणि त्यांचा हात तिथेच थांबला.

वहीच्या पानाएवढा काळपट-तपकिरी फोटो. लाकडी खुर्चीवर बसलेली एक बाई. डोक्यावरून पदर, नाकात नथ, दोन्ही हात गुडघ्यांवर. खालची कड वाळवीनं खाल्ली होती, भुसा सांडत होता. फोटोला मात्र अजून धक्का लागला नव्हता.

“माझी आजी आहे, भागाबाई,” रितेश सांगत होता. “बाबा तीन वर्षांचे होते तेव्हाच गेली. एवढा एकच फोटो आहे तिचा. आता घर नवीन बनतंय, तर मी म्हटलं, मोठं बोर्ड बनवून टाकू. कलरमध्ये. चेहरा तर मी क्लियर करून पण घेतला. हे बघा.”

त्यानं मोबाइल त्यांच्यासमोर धरला. पडद्यावर तीच बाई होती, पण रंगीत. हिरवी साडी, गहूवर्णी चेहरा. बघता बघता तिनं पापण्या मिटल्या, उघडल्या, मान किंचित वळवली आणि सिंधूबाईंकडे बघून हसली.

सिंधूबाईंनी मोबाइल जवळ ओढला. ते हसू त्यांचं होतं. लग्न करून या गल्लीत आलेली एकोणीस वर्षांची सिंधू त्यांच्याकडे बघून हसत होती.

“घरी सगळ्यांना दाखवलं,” रितेश म्हणाला. “आत्या तर रडायलाच लागली.”

“आणि लीलाधरभाऊ? तुझे बाबा?”

“तुम्ही ओळखता बाबांना?” त्याला नवल वाटलं. “ते तर उठून गुरांच्या वाड्याकडे चालले गेले. त्या दिवशी जेवले पण नाही.”

सिंधूबाईंनी फळी परत चादरीत गुंडाळली. “राहू दे इथं. मी कळवते,” एवढंच त्या म्हणाल्या.

*

सिंधूचे वडील नेपानगरच्या कागद कारखान्यात कामाला होते. रावेरकडचं गाव सोडून ते तरुणपणीच तिकडे गेले, आणि सिंधू कारखान्याच्या कॉलनीतच वाढली. घरात सगळीकडे कागद. कपाटात कागद, भिंतीला कागद, पाटावर जेवायला बसलं तरी खाली कागद. डोळे मिटून बोटांत धरला तरी कोणता कागद जाड, कोणता पातळ, कोणता ओल धरलेला, हे ती सांगायची. वडील पाहुण्यांसमोर तिची परीक्षा घ्यायचे आणि खूश व्हायचे. म्हणून इतवाऱ्यातल्या फोटोवाल्याचं स्थळ आलं तेव्हा ते म्हणाले, “आमची पोर कागदातलीच आहे, तिला तिथं करमेल.”

आणि तिला करमलंही. आत्माराम बोलायला कमी, पण हाताचा फार हलका माणूस. तो फळी कापायचा, ती घासायची. फोटोखाली तापला की चिकटणारा टिश्यू कागद घालायचा, इस्त्री फोटोला लागू नये म्हणून वर बटर पेपर ठेवायचा, आणि त्यावरून कोळशाची नाही, विजेची इस्त्री फिरवायची. आधी फक्त इस्त्रीचं टोक टेकवून फोटो जागेवर धरायचा, मग मधून कडेकडे दाबत जायचं, म्हणजे हवा राहत नाही. तापलेल्या टिश्यूचा लाखेसारखा वास खोलीभर पसरायचा. तो वास सिंधूच्या केसांना लागायचा, आणि माहेरी गेली की आई म्हणायची, आली फोटोवाली.

गाव सगळं त्या खोलीतून जायचं. कुणाचा नवा ट्रॅक्टर, कुणाची बारावी पास झालेली मुलगी, राजघाटावर गणपती बुडवायला गेलेलं अख्खं मंडळ, केळीनं भरलेल्या पहिल्या ट्रकपुढे हार घालून उभे असलेले दोघे भाऊ. लोक फोटो घेऊन यायचे आणि तो कसा, कधी काढला ते सांगत बसायचे. सांगितल्याशिवाय फोटो हातातून सोडवत नसे त्यांना. सिंधूला त्या काळातलं सगळ्यात जास्त आठवतं ते हेच. आता लोक पेनड्राइव्ह देतात, किती वाजता मिळेल विचारतात आणि जातात.

लग्नाला आठ महिने झाले होते तेव्हा लीलाधर आला. असीरगडच्या पायथ्याचा शेतकरी, अठ्ठावीस-तीस वर्षांचा. रुमालात बांधलेला फोटो त्यानं दोन्ही हातांनी आत्मारामच्या हातात दिला.

“आई आहे माझी. मला आठवत नाही ती. हा फोटोच आई. काच फुटली, फ्रेम मोडली. आता फळीवर पक्का करून द्या, म्हणजे हलायचं काम नाही.”

काच फुटल्यावरही घरचे रोज त्या फोटोला कुंकू लावत असत. कपाळावर, नाकावर, गालावर कुंकवाचे लाल डाग बसले होते.

दुसऱ्या दिवशी आत्माराम फळ्या आणायला खंडव्याला गेला. सिंधू एकटीच होती. तिला वाटलं, तो येईपर्यंत हे काम करून ठेवावं. चकित होईल. कापसाचा बोळा ओला करून तिनं फोटोवरचं कुंकू हलक्या हातानं पुसलं. छान निघालं. चेहरा उजळला. ओल सुकायच्या आत तिनं टिश्यू घातला, फोटो फळीवर ठेवला. बटर पेपर संपला होता. एवढ्याशासाठी काय अडायचं, म्हणून तिनं इस्त्रीचं टोक तसंच वर टेकवलं.

कागद तिला कळत होता. पण फोटो म्हणजे कागदावर धरलेली साय असते, आणि ती ओली झाली की मऊ पडते, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिनं इस्त्री उचलली तेव्हा भागाबाईचा चेहरा इस्त्रीला चिकटून वर आला. खाली पदराच्या आत सुपारीएवढा पांढरा, खरबरीत डाग राहिला.

आत्माराम संध्याकाळी आला तेव्हा ती फळीसमोर जमिनीवर बसलेली होती. चूल पेटवलेली नव्हती. त्यानं फळी बघितली, इस्त्री बघितली, आणि तिच्याकडे बघून विचारलं, “हात भाजला का?”

तो रागावला असता तर बरं झालं असतं, असं तिला पुढे कितीतरी वर्षं वाटत राहिलं.

शेजारच्या गल्लीत वसंत मास्तर राहायचे. शाळेत चित्रकला शिकवायचे आणि स्टुडिओवाल्यांना फोटोंवर ब्रश फिरवून द्यायचे. आत्मारामनं त्यांना बोलावून आणलं. मास्तरांनी भिंग लावून खूप वेळ बघितलं.

“जागा भरून देता येईल. पण चेहरा कुठून आणू? बाईला कुणी पाहिलंय?”

कुणीच पाहिलं नव्हतं. आत्मारामला एवढंच आठवत होतं की मान थोडी डावीकडे होती आणि नजर समोर होती. मास्तरांनी कोपऱ्यात बसलेल्या सिंधूकडे बघितलं. वय तेच, बांधा तोच, पदरही तसाच.

“सूनबाई, या स्टुलावर बस. मान जरा डावीकडे. रडू नको, डोळे सुजलेले काढता येणार नाहीत मला.”

तीन दुपारी ती तशी बसली. चौथ्या दिवशी, रविवारच्या बाजाराला आलेला लीलाधर दुकानात शिरला. आत्मारामनं फळी त्याच्यापुढे ठेवली. सिंधू पडद्याआड उभी होती. लीलाधर फळीकडे बघत राहिला. बाहेर भांडीवाल्याकडे कुणीतरी हंडा वाजवून बघत होतं, तो आवाज तेवढा येत होता. मग तो म्हणाला, “चमक आली,” आणि फळी रुमालात बांधून निघून गेला. त्यानंतर तो दुकानात परत आला नाही.

आत्माराम त्या गोष्टीबद्दल मरेपर्यंत एक शब्द बोलला नाही. बटर पेपरचं बंडल मात्र त्यानं दुकानात कधी संपू दिलं नाही.

*

“आई, पागल झाली का तू?” संतोष म्हणाला. “चाळीस वर्षं होत आली. त्या लोकांना काही माहीत नाही, खूश आहेत. रितेशला कलर प्रिंट पाहिजे, आपण देऊ. तू कशाला जुनं उकरते?”

“माझं तोंड त्यांच्या देवघरात लावू? तेही हसतं?”

“अगं, पण सांगून काय होणार?”

“काय होणार ते मला नाही माहीत,” सिंधूबाई म्हणाल्या. “पण तुझ्या मशीनमधून मी ते काढू देणार नाही.”

गुरुवारी सकाळी त्यांनी फळी आपल्या एका जुन्या साडीत गुंडाळली आणि इंदूरकडे जाणारी बस धरली. संतोष मोटरसायकलनं सोडतो म्हणत होता, त्या नको म्हणाल्या. बसमध्ये खिडकीशी बसून त्या काय बोलायचं ते जुळवत होत्या. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा, मग कापूस, मग चढ. गड दिसायला लागला तेव्हा जुळवलेलं सगळं विसरल्या.

लीलाधरचं घर विचारावं लागलं नाही. विटांचा ढीग, अर्धवट उभ्या भिंती, आणि शेजारच्या जुन्या घराच्या ओट्यावर पांढऱ्या मिशांचा एक म्हातारा कापसातला कचरा वेचत बसलेला.

“लीलाधरभाऊ?”

म्हाताऱ्यानं वर बघितलं. मग साडीतल्या फळीकडे बघितलं. “आत्मारामची मंडळी ना तुम्ही? या वहिनी, बसा. रितेश बोलला होता, फळी तिकडंच ठेवली म्हणून.” आत तोंड करून त्यांनी हाक मारली, “हिमानी, पानी आन बेटा. चहा ठेव.”

हिमानी, रितेशची बायको, पाणी ठेवून आत गेली. सिंधूबाईंनी तांब्याला हातही लावला नाही. फळी मांडीवर धरूनच त्या बोलायला लागल्या. कुंकू पुसल्याचं सांगितलं, संपलेला बटर पेपर सांगितला, इस्त्री सांगितली. वसंत मास्तरांचं आणि स्टुलाचंही सांगितलं.

“भाऊ, हे तुमच्या आईचं तोंड नाही. माझं आहे. माझ्या हातून ते जळलं, आणि आम्ही तुम्हाला फसवलं. आमचे हे कधी बोलले नाहीत, आणि ते गेल्यावरही मला धीर झाला नाही.”

लीलाधर कचरा वेचायचे थांबले होते. हातातला कापूस त्यांनी बाजूला ठेवला.

“मला माहीत आहे,” ते म्हणाले.

सिंधूबाईंना नीट ऐकू आलं नाही असं वाटलं.

“दुकानातच कळलं होतं. लहानपणापासून तो फोटो बघत आलो मी. रोज. दुसरं काय होतं माझ्याजवळ? तिच्या डाव्या भुवईत एक खाच होती. ती गेली. मी विचारलं असतं, पण तुमचा नवरा माझ्याकडं बघतच नव्हता. माझी जीभच उचलली नाही. बस स्टँडपर्यंत गेलो तर डोकं असं तापलं! म्हटलं, बापाला दाखवतो, अन् मग दोघं मिळून येतो, दुकानाची एक फळी जागेवर ठेवत नाही.”

“मग?”

“बाप, सुकलाल, तेव्हा जिवंत होता. नजर कमी झाली होती. फळी घेऊन तो उंबऱ्यात उजेडाला बसला. मी म्हटलं, दादा, हे तोंड आईचं आहे का? त्यानं बघितलं. नाही म्हणाला. मी पायात चपला घातल्या. तर म्हणाला, थांब. अन् बोटानं हे दाखवलं.”

लीलाधरांनी हात पुढे केला, साडी बाजूला सारली आणि फोटोतल्या गुडघ्यांवरच्या हातांवर बोट ठेवलं. उजव्या हाताची करंगळी वाकडी होती. सिंधूबाईंनी हा फोटो इतक्या वेळा मनात बघितला होता, पण चेहऱ्याच्या खाली त्यांची नजर कधी गेलीच नव्हती.

“लग्नाच्या वर्षी गाडीचं जू पडलं होतं तिच्या बोटावर. बाप म्हणाला, हात तिचेच आहेत लीला. तोंड माझ्या ध्यानात आहे, मरेपर्यंत राहील. हात इसरायला लागलो होतो मी. बरं झालं, आज बघितले, असं बोलला तो. तोवर आम्ही सगळे तोंडालाच कुंकू लावायचो ना, हातांकडं कोन बघतं? त्या दिवसापासून तो रोज त्या हातांना हात लावायचा. तिथली चमक बघा, गेलीय.”

खरंच, तेवढ्या जागेवरची चकाकी झिजून फोटो भुरकट झाला होता.

“तुम्ही मग आला नाहीत,” सिंधूबाई म्हणाल्या.

“बापानं शपथ घातली. म्हणाला, नवी पोर असंल घरात, तिच्याकडून झालं असंल, कशाला तिला रडवतो. पण खोटं कशाला सांगू वहिनी, मला राग होता. बापाची गोष्ट वेगळी, त्यानं तिला बघितलं होतं. माझं तर तेच तोंड गेलं ना. बरेच वर्षं बाजाराला आलो तरी तुमच्या गल्लीतून गेलो नाही. भांडं घ्यायचं असलं तरी दुसरीकडून घ्यायचो.”

सिंधूबाईंनी मान खाली घातली. राग ऐकून त्यांना बरं वाटलं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा कुणी त्यांच्यावर रागावल्याचं सांगत होतं.

“अन् आता?” त्यांनी विचारलं.

“आता काय. आता डोळे मिटले तर कधी ती खाच दिसते, कधी नाही दिसत. सवय झाली तुमच्या तोंडाची. पोरीच्या लग्नाची पहिली पत्रिका याच तोंडापुढं ठेवली मी.” ते थोडं हसले. “पण पोरानं ते हालतं केलं ना, मला नाही बघवलं. ती माझी आई नाही, अन् तुम्ही पण नाही. ती कोन आहे मग?”

चहा आला. दोघांनी तो बशीत ओतून घेतला. मग लीलाधरांनी जरा चाचरत विचारलं, “ते इस्त्रीला लागलेलं... त्याचं काय केलं होतं?”

“यांनी चाकूनं अलगद सोडवलं. तुकडे झाले होते. कागदात बांधून राजघाटावर गेले, तापीत सोडून आले. मला नेलं नाही.”

लीलाधरांनी मान हलवली. पंच्याच्या टोकानं डोळे पुसले. “आत्माराम चांगला माणूस होता,” ते म्हणाले. “एकदा यायला पाहिजे होतं मी.”

सिंधूबाई निघायच्या आधी लीलाधरांनी हिमानीला बाहेर बोलावलं आणि म्हणाले, “या काकूंच्या तोंडाकडं नीट बघ. आता फोटोकडं बघ.” ती आळीपाळीनं बघत राहिली आणि मग तिचा हात तोंडावर गेला. “रितेश आला की त्याला सगळं सांगा तुम्हीच,” लीलाधर सिंधूबाईंना म्हणाले. “माझ्यानं परत नाही सांगवणार. अन् वहिनी, रंग नको, मोठा नको. वाळवी काढा अन् हाच परत पक्का करून द्या. तुमच्या हातानं. मशीनमधून नको.”

*

प्लायवूडच्या फळीवरून फोटो सोडवता येत नाही, सोडवायला गेलं की फाटतो. सिंधूबाईंनी फळी उलटी ठेवली आणि मागून लाकडाचा एकेक पापुद्रा पातळ सुरीनं काढत गेल्या. दोन दिवस लागले. शेवटी फोटोच्या पाठीला बोटाच्या नखाएवढ्या जाडीचा एकच पापुद्रा उरला. तेवढ्यासकट तो त्यांनी नव्या फळीवर बसवला, वर वजन ठेवलं आणि रात्रभर दाबून सुकू दिला. चेहऱ्यावरून कापूसही फिरवला नाही. संतोष मधूनमधून येऊन बघायचा. एकदा म्हणाला, “आई, तू खरंच अशी दिसायची?”

“मास्तरांनी नाक जरा सरळ केलंय,” सिंधूबाई म्हणाल्या आणि कडांना काळा रंग देत राहिल्या.

रितेश रविवारी फळी न्यायला आला. सिंधूबाईंनी फोनवर त्याला सगळं सांगितलं होतं, म्हणून बोलायला लाजत होता. त्यानं मोबाइल काढून त्यांच्यासमोर तो व्हिडिओ पुसला, तेव्हा सिंधूबाईंनाच कसंतरी वाटलं. “राहू द्यायचा होतास रे तुझ्याजवळ,” त्या म्हणाल्या. पण व्हिडिओ गेला होता.

संध्याकाळी दिवे लागल्यावर लीलाधरांचा फोन आला.

“लागला फोटो. जुन्याच घरात लावलाय, नवं होईपर्यंत.”

“सरळ आहे ना भाऊ?”

“सरळ आहे.” तिकडे कुणीतरी काहीतरी विचारत होतं, ते त्याला हो म्हणाले आणि मग परत फोनवर आले. “वहिनी, वास्तूला यायचं बरं का. माघात आहे. सकाळीच या, जेवून जायचं. अन् फोटोला कुंकू तुम्ही लावायचं.”

“मी कशी लावू? माझ्याच तोंडाला?”

“तोंडाला नाही,” लीलाधर म्हणाले. “हातांना.”

सिंधूबाई हो म्हणाल्या. फोन ठेवल्यावर त्यांनी संतोषला सांगितलं की माघात एक दिवस दुकान बंद राहील, आणि तो का म्हणून विचारेपर्यंत त्या मागच्या खोलीत जाऊन दुसरी फळी घासायला बसल्याही होत्या.